गोव्यातला छोटा घरमालक: करार, पावती, नोटीस आणि तीस दिवस

“अकरा महिन्यांचा करार केलाय, बारावा लागला की खोली रिकामी.” म्हापशात, फोंड्यात, मडगावात दोन-चार खोल्या भाड्याने देणारे बरेच जण याच भरवशावर असतात. हा भरवसा कागद खरोखर परवान्याचा, म्हणजे ताबा न देता जागा फक्त वापरू देण्याचा, असेल तरच खरा. वर ठळक अक्षरांत ‘लीव्ह अँड लायसन्स’ आणि आत ‘भाडेकरू’, ‘मासिक भाडे’, ‘ताबा दिला’ अशी भाषा असेल, तर वरच्या नावाला कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात सांगून ठेवले आहे की कागदाचे शीर्षक नव्हे, त्यामागचा व्यवहार बघायचा. जागेचा पूर्ण, एकट्याचा ताबा दिलात आणि महिन्याला ठरलेले पैसे घेतलेत की तराजू भाडेपट्टीकडे (लीजकडे) झुकू लागतो.

आणि एकदा ती भाडेपट्टी ठरली की १९६८ चा गोवा, दमण व दीव इमारती (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन, म्हणजे जागेतून बाहेर काढणे) नियंत्रण कायदा आडवा येतो. त्याचे कलम २१ थोडक्यात असे: करारात काहीही लिहिलेले असो, दुसरा कुठला कायदा काहीही म्हणो, या कायद्यात दिलेल्या मार्गाखेरीज भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही. त्यामुळे ‘मुदत संपताच विनातक्रार जागा खाली करीन’ हे करारातले वाक्य भाडेपट्टीच्या बाबतीत शोभेचे आहे. मुदत संपणे हे घालवण्याचे कारण नाही. थकबाकी, पोटभाडे, वापर बदलणे, इमारतीची नासधूस, शेजाऱ्यांना उपद्रव, मालकी नाकारणे, मालकाची स्वतःची राहण्याची गरज, ही कारणे आहेत, आणि त्यातले एक तरी सिद्ध करावे लागते.

म्हणून पहिला पर्याय चावी देण्याआधीचा. नवी खोली द्यायची असेल तर परवाना हा परवान्यासारखाच दिसला आणि चालला पाहिजे. खोलीत थोडे तरी सामान तुमचे असावे: खाट, कपाट, पंखे, गॅसची शेगडी, आणि त्याची यादी कराराला जोडलेली. एक चावी तुमच्याकडे आणि तसे करारात लिहिलेले. वीज खाते तुमच्या नावावर. पावतीवर ‘भाडे’ नको, ‘परवाना शुल्क’ हवे. हे शेवटचे बारीक वाटते, पण वाद झाला की समोरचा वकील आधी पावतीपुस्तकच मागतो. करार परवान्याचा आणि पावतीपुस्तक बाजारातले छापील ‘भाडे पावती’वाले, असा मेळ असला तर पहिला फटका तिथेच बसतो. दहा वर्षे त्याच माणसाला, त्याच खोलीत, दर अकरा महिन्यांनी फक्त तारीख बदलून तोच कागद देत राहिलात तर तोही तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. नूतनीकरण आपोआप होऊ देऊ नका. प्रत्येक वेळी नवा करार, बदललेले शुल्क, सामानाची नवी तपासणी.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीची भाडेपट्टी असेल तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी सक्तीची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे सांगून तोंड दुखले तरी लोक नोटरीच करून येतात. तीन वर्षांचा नोटरी केलेला करार त्यातल्या अटी सिद्ध करायला उपयोगी पडत नाही. भाडेवाढीची टक्केवारी त्यातच लिहिलेली असते, आणि ती तशीच हवेत जाते.

परवान्याची मुदत संपली आणि माणूस हलत नाही, तर रेंट कंट्रोलरकडे (भाडे कायद्याखालचे अर्ज चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नव्हे, दिवाणी न्यायालयात जायचे. तिथे वेळ सांभाळा. संत लाल जैन विरुद्ध अवतार सिंग (१९८५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की परवाना संपल्यावर मालकाने विलंब न लावता दावा केला तर आज्ञार्थी मनाई हुकुमाने, म्हणजे ‘जागा सोड’ अशा न्यायालयाच्या आदेशाने, जागा परत मागता येते. ‘विलंब न लावता’ हे त्यातले मर्म. परवाना संपल्यावर दोन वर्षे पैसे घेत राहायचे आणि मग ‘हा तर नुसता परवानाधारक’ म्हणायचे, हे चालत नाही. शेवटच्या तारखेनंतर आलेले पैसे घ्यायचे असतील तर ‘अनधिकृत वापराची भरपाई, हक्क राखून’ असे पावतीवर लिहून घ्या.

भाडेकरू पडताळणीचा फॉर्म जवळच्या पोलीस स्टेशनला भरा आणि शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. पडताळणी करायचीच आहे. शिवाय कोण, कधीपासून, कुठल्या खोलीत राहतो याचा तारखेसह पुरावा फुकटात मिळतो. फॉर्ममध्ये मात्र करारातलीच भाषा वापरा. आठवड्याच्या हिशोबाने पर्यटकांना घर द्यायचे असेल तर रस्ता वेगळा: १९८२ च्या गोवा पर्यटक व्यापार नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी. ती न करता ऑनलाइन खोल्या देणे म्हणजे स्वतःहून दंडाला आमंत्रण.

आता जुना भाडेकरू

खरी डोकेदुखी जुन्या भाडेकरूची. वडिलांच्या काळापासून महिना ₹१५० ने बसलेला माणूस, आणि त्या घराची घरपट्टी नि कौलांची डागडुजी मिळून वर्षाला भाड्याच्या कितीतरी पट खर्च. इथे भाडे आपल्या मनाने वाढवता येत नाही. भाडेकरू राजी असेल तर लेखी वाढ करून घ्या, नसेल तर वाजवी भाडे ठरवून घेण्यासाठी अर्ज करायचा. अर्जासोबत बांधकामाचे वर्ष, क्षेत्रफळ, घरपट्टीच्या पावत्या, दुरुस्तीची बिले आणि त्याच वाड्यातल्या दोन-तीन सारख्या जागांची भाडी जोडा. शेजारच्या नव्या फ्लॅटचे भाडे दाखवून काही मिळत नाही. तुलना जुन्या घराशी जुन्या घराची असावी.

त्याआधी घराचा मालक कोण, हे कागदावर नक्की करा. गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा अवघड आहे. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे घर नवऱ्याच्या नावावर दिसत असले तरी बायको अर्ध्याची मालकीण. वडील वारले असतील आणि इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देण्याची न्यायालयीन कार्यवाही) झाली नसेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार चित्रात येतात. याबाबत आता २०१२ चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा लागू आहे. श्रीराम पसरीचा विरुद्ध जगन्नाथ (१९७६) या निकालानुसार एक सहमालकही भाडेकरूविरुद्ध अर्ज करू शकतो, बाकीच्यांचा विरोध नसेल तर. तरीही माझे मत सरळ आहे: नोटीस आणि अर्ज दोन्हींवर नवरा-बायको दोघांची सही, आणि भावंडांचे संमतिपत्र सुरुवातीलाच. ‘पत्नीला पक्षकार केलेले नाही’ हा आक्षेप गोव्यात इतका ठरलेला आहे की तो येणार असे धरूनच चाला. परदेशातल्या भावाचे मुखत्यारपत्र यायला महिने लागतात, तेव्हा ते नोटिशीच्याही आधी मागवून ठेवा.

मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा) आणि भाडेकरू यांची गल्लत करू नका. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा वेगळा, त्याचे अर्ज मामलेदाराकडे जातात, आणि मुंडकार ठरलेल्या माणसाला घर विकत घेण्याचा हक्क मिळतो. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत घरासाठी भाटकाराला भाडे देणारा माणूस मुंडकार धरलेला नाही. म्हणजे जुने पावतीपुस्तक हीच तुमची ढाल. ‘शंभर-दीडशे रुपयांचे काय पावतीत लिहायचे’ म्हणून पावती न देणारा भाटकार पुढे स्वतःच्या हाताने स्वतःचा पुरावा बुडवतो. पावती दोन प्रतींत, भाडेकरूच्या सहीसह, महिन्याचे नाव लिहून द्या. ₹५,००० च्या वरच्या रोख पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा.

थकबाकी: सगळ्यात वापरला जाणारा आणि सगळ्यात चुकणारा मार्ग

१९६८ च्या त्याच कायद्याचे कलम २२(२)(अ) सांगते: एकूण तीन महिन्यांचे भाडे थकलेले हवे, मालकाने त्यासाठी रजिस्टर्ड नोटीस दिलेली हवी, आणि नोटीस मिळाल्यापासून किंवा नाकारल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने कायद्याने वसूल होण्याजोगी थकबाकी भरलेली किंवा देऊ केलेली नसावी. वाक्य एकच आहे, पण चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिले घसरणे तारखांचे. समजा भाडे महिना ₹४५०, आणि प्रथा अशी की महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचे. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आले नाहीत. मालक घाईने ३० एप्रिलला नोटीस टाकतो. त्या दिवशी एप्रिलचे भाडे थकलेलेच नाही, ते ५ मेनंतर थकते. म्हणजे थकबाकी दोनच महिन्यांची, आणि अर्ज पहिल्याच सुनावणीत लंगडा. नोटीस ६ मे किंवा नंतर गेली पाहिजे होती. ती भाडेकरूला १४ मे रोजी मिळाली असे धरू. तीस दिवस १५ मेपासून मोजायचे: मेचे १७, जूनचे १३. म्हणजे १३ जून उलटल्यावरच अर्ज. १० जूनला दाखल केलात तर मुदतपूर्व. आणि १२ जूनला त्याने ₹१,३५० ची मनीऑर्डर पाठवली तर ती परत करू नका. परत केलीत तरी त्याने पैसे देऊ केले हे सिद्ध होतेच, आणि कारण संपते.

दुसरे, मागितलेली रक्कम. ‘सात वर्षांचे भाडे थकले’ अशी नोटीस तावातावाने लिहिली जाते. भाड्याची वसुली मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंतच होते, त्यामागचे ‘कायद्याने वसूल होण्याजोगे’ राहत नाही. नोटिशीत महिनावार तक्ता द्या: महिना, देय तारीख, रक्कम, मिळालेले, बाकी. घरपट्टी, पाणी, वीज यांची रक्कम भाड्यात मिसळू नका, करारात ती भाड्याचा भाग म्हणून ठरली असेल तरच घ्या. नोटीस लिहिण्याआधी बँकेचे स्टेटमेंट काढा. वर्षापूर्वी मुलाच्या यूपीआयवर आलेले ₹९०० कोणाच्या लक्षात नसतात आणि उलटतपासणीत तेच समोर येतात.

तिसरे, पोस्ट. भारतीय डाक विभागाने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. काउंटरवर नुसते ‘स्पीड पोस्ट’ म्हणू नका, नोंदणीची सोय म्हणजे पत्त्यावरच्या माणसालाच द्यायची, आणि पोहोच पुरावा, हे दोन्ही मागा. पावतीवर पूर्ण नाव आणि पिनकोड बरोबर आहे का ते काउंटरवरच बघा. ट्रॅकिंगचा छापील कागद त्याच आठवड्यात काढून ठेवा, पुढे तो ऑनलाइन दिसेलच असे नाही. लिफाफा ‘नाकारला’ असा शेरा मारून परत आला तर तो फोडू नका. बंदच कोर्टात द्यायचा. भाडेकरू वारला असेल तर सगळ्या वारसांना वेगवेगळ्या नोटिसा द्या, एकाला दिली आणि बाकीचे राहिले हे कारण मालकाला फार महाग पडते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची भाडेपट्टी संपवल्याची वेगळी नोटीस मात्र लागत नाही, धनपाल चेट्टियार खटल्यात १९७९ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने ते निकालात काढले आहे.

चौथे, आशा. समन्स मिळाल्यावरही थकबाकी आणि अर्जाचा खर्च भरून भाडेकरूला या कारणातून सुटण्याची वाट कायदा देतो, उशिराला वाजवी कारण दिसले तर कंट्रोलर त्याला वेळही देतो. म्हणून थकबाकीच्या अर्जाने जागा मिळेलच असे धरू नका. कितीदा तरी त्यातून फक्त भाडे नियमित होते. छोट्या मालकाला तेही काही कमी नाही.

खरी धार कलम ३२ ला आहे, आणि तिचा वापर आश्चर्य वाटावे इतका कमी होतो. निष्कासनाचा अर्ज कुठल्याही कारणाचा असो, तो चालू असताना भाडेकरूने मागची बाकी आणि पुढचे दर महिन्याचे भाडे द्यायचे किंवा कंट्रोलरकडे जमा करायचे. ते केले नाही आणि पुरेसे कारण दाखवले नाही, तर कलम ३२(४) प्रमाणे कंट्रोलर पुढची कार्यवाही थांबवून थेट ताब्याचा हुकूम देऊ शकतो. म्हणून अर्ज दाखल झाल्यावर एक वही करा: महिना, जमा तारीख, चलन क्रमांक. चुकलेल्या पहिल्या दोन महिन्यांतच ३२(४) चा अर्ज टाका. वर्षभर गप्प राहून टाकलात तर समोरचा सगळी रक्कम एकदम आणून ठेवतो आणि कारणही सांगतो.

पोटभाड्याचे कारण थकबाकीपेक्षा टिकाऊ, पण पुरावा तुम्हाला गोळा करावा लागतो. दुकानाच्या बाबतीत सोपे जाते. ट्रेड लायसन्स कोणाच्या नावे आहे हे माहितीच्या अधिकारात पालिकेकडे किंवा पंचायतीकडे विचारा. भिंतीवर लावलेले जीएसटी प्रमाणपत्र आणि खाद्य परवान्याचा क्रमांक यांचा फोटो तारखेसह घ्या. १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद मागवा. भाडेकरू ‘तो माझा भागीदार’ म्हणणार, तेव्हा भागीदारीचा करार, नफ्याचा हिशोब आणि बँक खाते मागायचे. त्रयस्थ माणूस एकटाच जागा चालवतो हे एकदा दिसले की खुलासा करण्याचा भार भाडेकरूवर सरकतो. या काळात त्या त्रयस्थाच्या नावाने एकही पावती फाडू नका. त्याच्या खात्यातून आलेले पैसे ‘अमुक भाडेकरूच्या वतीने’ असे लिहूनच घ्या.

स्वतःला राहायला घर हवे असेल तर कलम २३ आहे. इथे ‘मला हवे’ पुरत नाही, ‘मला लागते’ हे दिसावे लागते: सध्या कुठे राहता, किती माणसे, किती खोल्या, मुलाचे लग्न, आईला जिना चढता न येणे. त्याच गावात तुमचे दुसरे रिकामे घर असेल तर आधीच सांगा. लपवलेला फ्लॅट भाडेकरू शोधून काढतोच, आणि मग खरी गरजही खोटी ठरते.

मोडके घर हा शॉर्टकट नव्हे. काही जण कौले सुटू देतात, वाळवी लागू देतात, म्हणजे पावसाळ्यात भिंत पडली की प्रश्न मिटला. मिटत नाही. शहा रतनसी खिमजी खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की इमारत पाडली गेली तरी तेवढ्याने भाडेपट्टी संपत नाही. धोकादायक घर असेल तर पालिकेकडे लेखी अर्ज, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, आणि दुरुस्तीसाठी तात्पुरता ताबा हवा असेल तर कंट्रोलरकडे अर्ज, असाच क्रम. पाणी तोडणे, वीज कापणे, कुलूप बदलणे यात तर पडूच नका. जबरदस्तीने बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत घेतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे कोणी विचारतही नाही.

अर्ज उपजिल्हाधिकारी दर्जाच्या रेंट कंट्रोलरपुढे चालतो. त्याविरुद्ध अपील पणजीच्या प्रशासकीय लवादाकडे, आणि तिथून पुढे रिट याचिका पर्वरीला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात. हुकूम झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. निकाल तुमच्या बाजूने लागून भाडेकरूने वर स्थगिती मागितली, तर आत्माराम प्रॉपर्टीज (२००४) चा निकाल हाताशी ठेवा: निष्कासनाच्या हुकुमानंतर स्थगिती हवी असेल तर जुने ₹१५० नव्हे, बाजारभावाने वापराची भरपाई जमा करण्याची अट घालता येते. त्यासाठी परिसरातल्या भाड्याचे दोन-तीन नोंदणीकृत करार आधीच काढून ठेवा. ₹१५० च्या जागी ₹१२,००० भरायची वेळ आली की तडजोडीची भाषा आपोआप सुरू होते.

तडजोड हा कमीपणाचा नव्हे तर पुष्कळदा सगळ्यात स्वस्त पर्याय. काही रक्कम देऊन जागा परत घेणे, घराचा एक भाग भाडेकरूलाच विकून उरलेला मोकळा करून घेणे, नव्या बांधकामात त्याला छोटी जागा देणे, किंवा भाडेकरूसह घर विकून टाकणे. विकल्यास खरेदीदार आपोआप नवा मालक होतो, पण तसे पत्र भाडेकरूला द्या, नाहीतर तो जुन्याच मालकाला भाडे देत राहील. परत घेताना जागा सोडल्याचे लेखी पत्र हवे. खटला चालू असेल तर नुसते ‘दोघांची संमती’ लिहून भागत नाही. नगीनदास रामदास खटल्यापासून (१९७४) नियम असा की कायद्यातले एखादे कारण भाडेकरूने मान्य केलेले कागदावर दिसले पाहिजे. संमतीच्या अटींत ‘तीन महिन्यांची थकबाकी होती हे मान्य’ असे एक वाक्य घाला. पैसे तीन हप्त्यांत द्या: थोडे सहीला, थोडे सामान हलल्यावर, आणि उरलेले चावी, वीज मीटरचे शेवटचे रीडिंग आणि रिकाम्या खोलीचे फोटो हातात आल्यावर. शेवटचा हप्ता निम्म्याहून मोठा ठेवा.